चिमूटभर पेंड

फोन आला तेव्हा माझ्या गॅसवर दाजींच्याच घरचं लोणी कढत होतं. दुपारची ती वेळ परभणीत अशी असते, की स्टेशनासमोरच्या रिक्षासुद्धा सावली धरून पेंगत उभ्या असतात. पातेल्यातलं लोणी आधी तडतडलं, मग शांत झालं आणि त्यावर पांढरा फेस फिरू लागला. त्या फेसाकडे बघत बसलं की मला नेहमी गुंगी येते. त्या गुंगीतच मी फोन उचलला. भाचा प्रकाश पुण्याहून बोलत होता. "मावशी, बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते..." आणि तो थांबला. "ते काय?" मी विचारलं. मला त्याच्या पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, तरी मी पुन्हा विचारलं, "अरे, ते काय?" जणू मी विचारत राहिले तर ते अजून आडवेच राहतील, गेले असं व्हायचं नाही... गॅस बंद करायचं भान आलं तोवर तळाची बेरी काळपट झाली होती. लोकांना घरचं तूप करून विकणारी बाई मी, आजवर कधी तूप जाळलं नव्हतं. ते तूप मी एका बरणीत भरून ठेवलंय. कुणाला विकलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गावात त्यांना ज्ञानोबा म्हणायचे. बोरीला राहायचे. थोडं रान, दावणीला दोन गाई आणि गोठ्याला लागून एक लिंबोणीचं झाड, एवढा त्यांचा पसारा. दूध डेअरीला जायचं, घरी राहील त्याचं अक्का दही लावायची आणि लोण्याचा डबा एसटीनं माझ्याकडे यायचा. त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण गेले काही आठवडे आमच्या घरात दाजींपेक्षा त्यांच्या गाईचंच बोलणं जास्त झालं. दाजी गेले त्या दिवसापासून त्या गाईनं, बिजलीनं, पेंडीला तोंड लावलं नव्हतं. ती खाल्ली तर गोठा राहणार, गोठा राहिला तर अक्का बोरीत राहणार. नाही तर गाई विकून अक्कानं प्रकाशबरोबर पुण्याला जायचं, तिथं चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसायचं. बहिणीचं सगळं आयुष्य असं एका गाईच्या तोंडाशी येऊन थांबलेलं मी पाहिलं. म्हणून हे लिहिते आहे.

दाजी अक्काला बघायला आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी परकरातली पोर. पाहुणे ओसरीवर बसले, पोह्यांच्या बश्या फिरल्या आणि नवरामुलगा कुठं दिसेना. आई घाबरली. शोधता शोधता मी गोठ्यात गेले, तर हे महाशय आमच्या म्हशीच्या गव्हाणीपाशी उकिडवे बसलेले. पोत्यातली सरकीची पेंड चिमटीत धरून हुंगली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत बसले. मी धावत जाऊन भर बैठकीत ओरडले, "आई, नवरदेव पेंड खायलाय!" बैठकीत जो हशा पिकला तो पिकला. अक्का आतल्या खोलीत रडायला लागली, की आपल्याला हा असला नवरा. मी त्या दिवसापासून त्यांचं नाव पेंडखाऊ दाजी ठेवलं आणि ते त्यांनी जन्मभर हसत सोसलं. मेहुणीनं दाजींची टिंगल करायची ही रीतच आहे, पण मी जरा जास्तच पाळली.

पुढं कधीतरी त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली. ते लहान असताना त्यांच्या घरी बुरसटलेल्या भुईमूग पेंडीनं एक गाभण म्हैस गेली होती. तेव्हापासून त्यांच्या आईनं नेम धरला, जनावराला पेंड घालायच्या आधी चिमूटभर आपण खायची. आई गेली आणि नेम लेकाकडे आला. "आपल्या जिभेला जे नको, ते मुक्याच्या पोटात कामून ढकलायचं?" असं ते म्हणायचे. हे सांगतानाही घाई नाही. त्यांचं बोलणं गाईच्या रवंथासारखं असायचं, एकदा गिळलेलं पुन्हा वर आणून सावकाश चघळायचं. मी तडकाफडकीची बाई. एका वाक्याला दोन वाक्यं तयार ठेवणारी. त्यांच्या समोर बसले की माझी दोन्ही वाक्यं शिळी व्हायची, तोवर त्यांचं एक यायचं. पण खरं सांगते, बोरीच्या त्या लिंबोणीखाली बसून त्यांचं ते एक वाक्य यायची वाट बघण्यात जे सुख होतं, ते मला पुढं कुठंच मिळालं नाही.

मधे एक साल असं आलं, की सरकीच्या पेंडीला हात लावायची सोय राहिली नाही. भाव चढले ते चढले, वर पेंडीत काय काय मिसळलेलं निघायचं. दाजी चिमूटभर तोंडात टाकायचे आणि थुंकायचे. एक दिवस ते मोंढ्याच्या बाजारातून थेट माझ्या घरी आले. रिक्षातून पोतं उतरवलं आणि बैठकीच्या खोलीत, माझ्या धुतलेल्या फरशीवर ठेवलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं. आत तपकिरी, खरखरीत भुकटी. मधे मधे काळे, टणक कण. "हुंगा," ते म्हणाले. माझं नाक तुपावर पोसलेलं, त्याला फसवणं सोपं नाही. मी वाकले. खोबऱ्याच्या जुन्या डब्याचं झाकण काढलं की जो वास येतो तो आला, जरासा भाजल्यासारखा, गोडसर. "नारळ?" मी विचारलं. "न्हाई. पाम." मग खाली मांडी घालून त्यांनी मोंढ्यातल्या शेटजींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ताडाच्या जातीचं एक झाड. त्याला तांबडी फळं येतात, घडच्या घड. फळाच्या गराचं तेल काढतात. मग आतली बी फोडतात, त्या बीच्या आतल्या गाभ्याचं पुन्हा तेल काढतात. त्यानंतर जे उरतं ते हे. तेलंगणाच्या बाजूला ती झाडं लावली आहेत म्हणे, आणि पार समुद्रापलीकडूनही माल येतो.

"सगळ्यांचं खाऊन झाल्यावर उरलेलं," मी म्हणाले. "उष्टं."

"उरलेलं ते गाईचं," दाजी म्हणाले, "अन् गाईचं उरलेलं ते रानाचं. मंग उष्टं कोनाचं ऱ्हायलं?" आणि त्यांनी चिमूटभर तोंडात टाकून डोळे मिटले. बाहेर एक गाडी शिट्टी देऊन गेली. मला वाटलं झोपले की काय. मग म्हणाले, "सुमनबाई, ते झाड कसं असंल हो? सावली पडत असंल का त्याची?" मी चहा ठेवायला उठले. असल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसायचं, चहा असायचा.

बोरीत त्या पोत्याची फजितीच झाली. दावणीच्या थोरल्या गाईनं, कपिलीनं, खाल्लं, कारण ती चिंध्यांचा बोळासुद्धा खाईल. बिजली तेव्हा कालवड होती, पहिल्या वेताला आलेली. नाव बिजली आणि चालणं असं, की तिच्या मागून गोगलगाय पुढं जावी. तिनं पेंडीत नाक घातलं, फुरकली आणि सगळी भुकटी दाजींच्या अंगावर उडवली. शेजारच्यांनी मुठीत घेऊन चोळून बघितली. "ज्ञानोबा, ह्यात वाळू हाय की लेका!" दाजींनी वाटीभर पेंड पाण्यात ढवळून दाखवली, की तळाला वाळू बसत नाही, ते बीच्या कवचाचे कण आहेत. पण गावानं नाव ठेवलं ते ठेवलं. वाळूची पेंड. रस्त्यानं जाताना पोरं विचारायची, "काका, यंदा सिमेंट कवा घालायलाव गाईला?" दाजी हसायचे. अक्काला मात्र हसू येत नसे. तिला आपल्या दारातून येणारं जाणारं हसलेलं कधीच खपायचं नाही.

मग गुरांचे डॉक्टर आले. शांत स्वभावाचा तरुण मुलगा होता. त्यानं सांगितलं, पेंड वाईट नाही, पण कोरडी आणि खरखरीत असते, जनावराला पटकन आवडत नाही. रोजच्या खुराकात थोडीशी मिसळा, वरून गुळाचं पाणी शिंपडा आणि हळूहळू वाढवा. घाई करू नका. घाई करू नका, हे दाजींना सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. ते रोज संध्याकाळी घमेलं घेऊन बिजलीसमोर बसू लागले. आधी आपण चिमूटभर खायची, तिच्या डोळ्यांसमोर चावायची. ती मान लांब करून त्यांचं तोंड हुंगायची. मग खरखरीत जिभेनं त्यांची हनुवटी चाटायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सूर्य पार खाली गेलेला, गोठ्यात धूळ सोन्यासारखी तरंगत असलेली, आणि एक माणूस आणि एक गाय एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. काही दिवसांनी बिजलीनं घमेल्यात तोंड घातलं. दाजींनी अक्काला हाक मारून बाहेर बोलावलं, जसं काही पोरानं पहिलं पाऊल टाकलं.

पण मराठवाड्यात आपल्याला एकच माहीत, पेंड म्हटली की भिजवायची. सरकीची पेंड भिजवतात, तशी दाजींनी ही पण भिजवली. वैशाखाचं ऊन, आणि घमेलं सकाळपासून झाकून ठेवलेलं. वर गुळाचं पाणी. संध्याकाळी फडकं काढलं तर पेंडीला बुडबुडे. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "अक्का, तुमच्याकडं कशाची भट्टी लागली?" दुसऱ्या कुणी असतं तर उकिरड्यावर ओतलं असतं. दाजींनी नेम पाळला. मोठा घास घेऊन चावला, विचार केला, पुन्हा चावला... आणि मग दोन दिवस त्यांना गोठासुद्धा दिसला नाही. परसाकडं आणि बाजेवर, बाजेवर आणि परसाकडं. मी भेटायला गेले तेव्हा ते पांढरेफटक पडले होते आणि अक्का देवीच्या अवतारात होती. "मानूस हाय का बैल?" ती माझ्याकडे बघून ओरडत होती, जसं काही मी त्यांना भरवलं. "सांग तुह्या दाजीला. आन घ्या म्हनावं मह्या गळ्याची. असलं भिजवलेलं पुन्हा तोंडात घालनार न्हाई म्हनून." दाजींनी अंथरुणावरून हात वर केला आणि आण घेतली. गळ्याची आण आमच्याकडे साधी नसते. ती मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली त्याच्यावर संकट येतं, असं मानतात. अक्का निवांत झाली. त्यानंतर घरात तो विषय संपला.

संपला असं अक्काला वाटलं. पुढच्या खेपेला मी बोरीला गेले, तेव्हा संध्याकाळी दूध काढायच्या वेळी सहज गोठ्यात डोकावले. दाजी पाठमोरे बसलेले. त्यांनी पोत्यात हात घातला, कोरडीच भुकटी चिमटीत घेतली आणि हळूच तोंडात टाकली. बिजली बघत होती. मी म्हणाले, "दाजी! आण घेतलीय ना?" चोरून साखर खाताना पकडलेल्या पोरासारखे ते दचकले. मग सावकाश चावून, गिळून, म्हणाले, "आन भिजवलेल्या पेंडीची हाय. ही कोरडी हाय." एवढा सरळ माणूस, पण वकिलाला हरवील असं बोलला. मला हसू आवरेना. "अक्काला सांगू नका," ते म्हणाले, "तिला बिचारीला उगी फिकीर." मी सांगितलं नाही. तशी मी पोटात काही ठेवणारी नाही, पण ही एक गोष्ट ठेवली. पुढं पेंड भिजवायची ती गाईपुढं ठेवायच्या जरा आधी, हे ते शिकले. आणि भिजवायच्या आधी ती कोरडी चिमूट. अक्का चुलीपाशी असायची तेव्हा.

एका उन्हाळ्यात तर त्यांच्या पेंडीनं आमच्या दोघांत भांडण लावलं. गाईचं लोणी उन्हात कसं असतं ते सांगायला नको. डबा बोरीहून निघताना लोणी, परभणीत उतरताना पातळ. पण त्या वर्षी डबा उघडला आणि लोणी घट्ट. बोट दाबलं तरी खड्डा तसाच. मला घाम फुटला. माझी गिऱ्हाइकं पिढीजात, तुपाचा रवा बघून घरचं ओळखणारी. मी तडक फोन लावला. "दाजी, खरं सांगा, ह्यात वनस्पती तूप घालायलाव का?" त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हे हजर, हातात ताज्या लोण्याचा गोळा, ओल्या फडक्यात बांधलेला. माझ्यासमोर ठेवला. "ह्या पेंडीनं लोनी टनक होतं म्हने. डॉक्टरनं सांगितलं. मी बी कालच इचारलं." मी तो गोळा तिथंच कढवला. वास घरचाच, रवा घरचाच. मी म्हणाले, "मग आधीच सांगायचं की!" ते म्हणाले, "तुमी भांडल्याबिगर परभनीला येनं होत न्हाई." त्या उन्हाळ्यात माझ्या तुपाचं गल्लीभर नाव झालं. तूप विचारायला बायका आल्या की मी म्हणायचे, ही आमच्या पेंडखाऊ दाजींची कृपा.

त्या झाडाचा नाद मात्र त्यांचा सुटला नाही. कुणी तेलंगणाकडे लग्नाला निघालं की त्यांना सांगायचे, वाटेत दिसलं तर बघून या. कुणी बघून यायचं नाही. प्रकाशनं एकदा मोबाइलवर फोटो दाखवला, तर त्यांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून पाहिला आणि म्हणाले, "ह्यात वारा कुठं हाय?" आमची शेवटची भेट लिंबोणीखालचीच. जेवणं झाली होती. ते बाजेवर आडवे, मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. डोळे मिटूनच म्हणाले, "सपान पडलं होतं. त्या झाडाईत गेलतो. लय गार सावली. पल्याड समुद्र. अन् आपली बिजली पुढं पुढं चालायलीय, मला कळंना ही एवढी पळायली कशी... मी हाक मारली तर तिनं वळून बघितलं अन् थांबली." मी म्हणाले, "स्वप्नातच पळायची ती." ते हसले. शेंगांची टरफलं वाऱ्यानं हलत होती. आत अक्का भांडी आवरत होती, गोठ्यात बिजली रवंथ करत होती, आणि मला वाटत होतं ही दुपार कधी संपूच नये. एसटीची वेळ झाली म्हणून मी उठले. झोपेतल्या झोपेत त्यांनी हात हलवला. पुढं काही दिवसांनी त्याच बाजेवर, तशाच दुपारी...

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. त्या संध्याकाळी कुणीतरी गाईंपुढं पेंड ठेवली. कपिलीनं खाल्ली. बिजलीनं घमेल्याकडे बघितलं, मान वळवली आणि दाराकडे बघत उभी राहिली. बायका पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मुकं जनावर, पन धनी गेलेला कळतो." पहिल्या दिवशी मीही रडले. पण तेराव्यापर्यंत तेच. कडबा चघळायची, पाणी प्यायची, पेंडीला मात्र शिवायची नाही. सरकीची आणून घातली, गूळ घातला, हिरवा मका घातला. मक्याची चार पानं ओढली आणि सोडून दिली. दूध आटत चाललं. तोच डॉक्टर आला, तपासून म्हणाला, "आजार काही नाही, काकू." जो येईल तो गाईच्या दुःखाची गोष्ट ऐकून, तिच्या गळ्यावरून हात फिरवून, हळहळून जायचा. मला त्या हळहळीचा संताप यायला लागला. गाय खंगत होती, आणि लोकांना त्यात पुराण दिसत होतं.

प्रकाशचं चूक नव्हतं. तो म्हणाला, "आई, तू एकटी कसं करणार? बाजाराच्या दिवशी व्यापारी येतोय. गाई चांगल्या घरी जातील." अक्का बाजेच्या कडेला बसून होती. ती त्या बाजेवर नीट बसतही नव्हती, कडेला टेकायची. "ती खात असती तर मी कोनाचं आयकलं नसतं," ती म्हणाली. "पन खाईना म्हनल्यावर मी कशाच्या जिवावर ठिवू? मह्या हातचं नको तिला." बोरीत आल्यापासून त्या गोठ्याच्या शेणानं तिनं अंगण सारवलं, त्या दुधावर पोरगा शिकवला, आणि आता ती हरल्यासारखी बोलत होती. मी परभणीला परत आले.

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले. अक्काची बांधाबांध करायला हात लागेल म्हणून. घरात गाठोडी बांधून ठेवलेली. दिवस कलला तशी मला घरात बसवेना, म्हणून गोठ्यात गेले. पामच्या पेंडीचं शेवटचं पोतं कोपऱ्यात तसंच होतं, तोंडाशी दोरी, दोरीला दाजींची ती गाठ, अर्धी सोडलेली. मी सोडली. खोबऱ्याच्या जुन्या डब्याचा वास आला, माझ्या फरशीवर दाजींनी पोतं उघडलं तेव्हा आला होता तोच. पण नाक ते नाक. पोतं बरेच दिवस पडून आहे, खवट तर झालं नसेल, एवढंच मनात आलं. मी चिमूटभर घेतली आणि तोंडात टाकली. आधी जराशी गोडी, मग दाताखाली करकर. चावता चावता मान वर केली, तर बिजली माझ्याकडे बघत होती. तिनं मान लांब केली. माझं तोंड हुंगलं. आणि मग त्या खरखरीत जिभेनं माझी हनुवटी चाटली.

मी तशीच उभी राहिले. एवढे दिवस सगळे म्हणत होते, ती धन्यासाठी झुरते आहे. झुरत असेलही, मी काही गाईच्या मनात शिरलेली नाही. पण ती नुसती झुरत नव्हती. ती वाट बघत होती. कालवड असल्यापासून तिला एकच ठाऊक, आधी समोरचा खाणार, मग आपण. आणि दाजींनी तो नेम एवढा चोरून पाळला होता, की त्यांच्या माघारी तो कुणाला पाळता येईना. ठाऊक होतं ते एकटीला मला, आणि मी परभणीत तूप कढवत बसले होते.

"अक्का!" मी ओरडले. अक्का धावत आली, तिला वाटलं गाय पडली. मी घमेल्यात पेंड ओतून बिजलीपुढं सरकवली आणि पोतं अक्कापुढं केलं. "चिमूटभर तोंडात टाक. तिच्यासमोर."

"मी? येडी झालीस का?"

"टाक म्हणते ना. दाजी रोज टाकायचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "रोज?" मग खाली भुकटीकडे बघितलं. "सोडली म्हनले होते. मह्या गळ्याची आन घेतली होती..." तिचा आवाज फाटला. "तरी मी म्हनायचे, ह्यांच्या अंगाला त्या पेंडीचा वास कसा येतो. मला वाटायचं कपड्याचा असंल. आन मोडली अन् मला जितं ठिवून सोता गेले!"

तेव्हा मी तिला सांगितलं. आण भिजवलेल्या पेंडीची होती, ही कोरडी आहे, हे दाजींचं वाक्य त्यांच्याच चालीवर, तेवढंच सावकाश. अक्कानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं, दाजी गेल्यापासून पहिल्यांदा. "भामटा मानूस," ती म्हणाली, "लय भामटा." हसता हसताच तिनं चिमूट घेतली, तोंडात टाकली आणि चावायला लागली. तोंड वाकडं केलं. "वाळू हाय गं नुसती..." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जबडा हलत होता. बिजलीनं तिचं तोंड हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मी श्वास धरून उभी होते. मग तिनं मान खाली घातली आणि घमेल्यातून पहिला घास उचलला. सगळं खाल्लं नाही, अर्ध्यावर थांबली. पण अक्का तिथंच खाली शेणात बसली, तिच्या मानेला मिठी मारून. तोंडातली पेंड अजून चावतच होती. "सुमन," ती म्हणाली, "प्रकाशला फोन लाव. त्या मानसाला येऊ नको म्हनावं."

प्रकाश आधी चिडला. म्हणाला, मावशी, आता आईसुद्धा पेंड खाणार? मी म्हटलं, तुझ्या आजीपासून चालत आलंय, तुला सुट्टी मिळाली म्हणून खुशाल राहा. गाठोडी सोडली गेली. बाज अजून लिंबोणीखालीच आहे, आणि अक्का आता तिच्यावर मधोमध बसते. मोंढ्यातून मीच तिला पोतं पाठवते. पाठवायच्या आधी हुंगून, आणि काय सांगू, चाखून. पोत्याचं तोंड उघडलं की तो गार सावलीचा, कधी न पाहिलेल्या झाडांचा वास माझ्या बैठकीत भरतो. क्षणभर वाटतं फरशीवर कुणी मांडी घालून बसलंय आणि आता सावकाश काहीतरी विचारणार आहे... मग मी चहा ठेवते.

रोज दिवस कलला की मी बोरीला फोन करते. अक्का उचलते, पण लगेच बोलत नाही. "थांब गं," ती भरल्या तोंडानं म्हणते, "चावायलेय." मी थांबते. फोनमधून आधी तिची करकर ऐकू येते, मग घमेलं सरकल्याचा आवाज, आणि मग बिजलीची. दोघींचं होईपर्यंत मी फोन कानाला धरून बसते.